पोट भरतं, अंग भरत नाही

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहणाऱ्यांपैकी मीही एक आहे. 'मांडीचं द्या', 'चरबी जरा बेतानं घाला' असल्या सूचना मीही करतो आणि भाव ऐकल्यावर सगळ्यांसारखाच सुस्कारा सोडतो. मात्र समोर टांगलेले हे मांस तयार कशातून झाले, हा प्रश्न त्या रांगेत सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडतो, कारण गुरांचा डॉक्टर म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षे माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत गेली. पाऊस कमी, ऊन भरपूर आणि मेंढरे उदंड, असा हा मुलूख. घोंगडीची काळी लोकर देणारी दख्खनी मेंढी इथलीच. पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक असलेली, अंगावर तपकिरी ठिपके मिरवणारी उंच माडग्याळ मेंढीही जत तालुक्यातलीच.

आटपाडीकडच्या एका वाड्यावर (वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा उघड्या रानातला मुक्काम) एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला एकदा सांगितले, "सायेब, कडब्यानं प्वाट भरतंय, अंग भरत न्हाय." पशुपोषणाच्या पुस्तकातला अख्खा धडा त्याने एका वाक्यात उरकला होता.

ज्वारीच्या कडब्यात प्रथिने असतात जेमतेम साडेतीन-चार टक्के. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खाते. म्हणजे कडब्यातून तिला मिळाली पस्तीस-चाळीस ग्रॅम, आणि त्यातलीही निम्मी अंगी लागत नाहीत. तिला नुसते जगायला सत्तर ग्रॅमच्या आसपास हवीत. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातले कोकरू झपाट्याने वाढते तेव्हा आणखी हवीत, आणि दोन कोकरांना पाजायचे असेल तर दुपटीच्या पुढे. आपल्या घरी भात भरपूर शिजावा आणि डाळीचा डबा रिकामा असावा, तशी ही स्थिती असते.

पण मेंढीचे पोट आपल्यासारखे नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिले, सर्वांत मोठे, ते कोठीपोट. तिथे अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. गवत, पाला, काड्या जे येईल ते हे जीव आधी स्वतः खातात, वाढतात आणि पुढे ढकलले जाऊन चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात व आतड्यात मेंढीकडून पचवले जातात. तिला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा चाऱ्यातून थेट येत नाही, तो या जीवांच्या शरीरातून येतो. मेंढपाळ मेंढी पाळतो आणि मेंढी तिच्या पोटात आणखी एक कळप पाळते, असे म्हणायला हरकत नाही.

या आतल्या कळपालाही खायला नत्र लागते. चाऱ्यातली प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की तो उपाशी पडतो, काड्या कुजवण्याचे त्याचे काम मंदावते, पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि मग भूक असूनही मेंढी खाऊ शकत नाही. समोर कडब्याची गंज आणि मेंढ्या मात्र वाळत चालल्या आहेत, हे दृश्य पाहून शहरातल्या पाहुण्यांना नवल वाटते. मेंढपाळाला वाटत नाही. निसर्गाने मेंढीला यावर एक तोडही दिली आहे. प्रथिने कमी मिळू लागली की ती लघवीवाटे युरिया टाकून देण्यात कंजूषपणा करते आणि तोच युरिया लाळेतून व रक्तातून पुन्हा कोठीपोटात सोडते. उंटही हेच करतो. पण शिल्लक कितीही काटकसरीने वापरली तरी कधीतरी संपतेच.

आता यात ऊन मिसळा. वैशाखात भर दुपारी मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी राहतात, ते आपण एस.टी.तून जाताना पाहिले असेल. त्या वेळी ती चरत नाहीत. धापा टाकून अंग थंड ठेवण्यातच त्यांची शक्ती जाते. शिवाय जाड, काड्यायुक्त चारा कोठीपोटात आंबताना स्वतःच उष्णता निर्माण करतो, म्हणून उन्हाळ्यात जनावर आपणहून कमी खाते. खाणे कमी झाले म्हणजे जे खाल्ले जाते त्यात प्रथिनांचे प्रमाण वाढवायला हवे, हे उघड आहे. मात्र नुसती पेंड वाढवून भागत नाही. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांचा अमोनिया होतो, त्याचा युरिया करायला यकृताला शक्ती खर्चावी लागते आणि तो बाहेर टाकायला पाणी लागते. उन्हाळ्यात तेच नसते! पेंडीबरोबर थोडा मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा दिला तर आतल्या कळपाला नत्र आणि शक्ती एकदम मिळते. आणि हे खाणे द्यायचे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. चराईही पहाटेची आणि रात्रीची. चांदण्या रात्री मेंढरे चारायला नेणाऱ्या माणसाला हे कोणी वर्गात शिकवलेले नसते.

या मुलखात उन्हाळ्यातली डाळ झाडावर असते. गवत करपते तेव्हा बाभळीच्या शेंगा पिकतात. लांब काठीच्या आकडीने फांदी हलवली की शेंगांचा सडा पडतो आणि मेंढरे पळत सुटतात. या शेंगांत बारा टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. त्यात तुरटपणाही असतो. तो फार झाला तर पचन बिघडवतो, बेताचा असला तर काही प्रथिने कोठीपोटातल्या जिवांपासून वाचवून थेट पुढच्या पोटात पोचवतो. शेवरी, हादगा, बोरीचा पाला, तुरीचे भुसकट, भुईमुगाचे वेल, हे सारे याच जातीचे. शेंगदाणा पेंडीत चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने, सरकी पेंडीत त्याच्या निम्म्याने. पण ती दुकानातून आणावी लागते.

सुबाभळीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकापासून उरळीकांचनच्या 'बाएफ'ने हे झाड गावोगाव पोचवले. पाल्यात वीस टक्क्यांवर प्रथिने. पण त्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते आणि सवय नसलेल्या मेंढीने तो पाला पोटभर खाल्ला तर तिची लोकर चक्क गळून पडते. ऑस्ट्रेलियात गुरे या पाल्याने आजारी पडत आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला मजेत खात. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने त्यामागचे कारण शोधले. हवाईच्या जनावरांच्या पोटात हे विष मोडणारा जंतू होता. १९८० च्या दशकात त्यांच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियन गुरांच्या पोटात सोडला आणि ती गुरेही सुबाभूळ पचवू लागली. १९९२ मध्ये त्या जंतूला जोन्सचेच नाव मिळाले. आपल्याकडे मी एवढेच सांगत असे, की एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सुबाभूळ घालू नका आणि सुरुवात मूठभरापासून करा.

युरियाबद्दल मात्र हात जोडूनच सांगावे लागते. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाहीत. त्या नत्र मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. या हिशेबाने खताच्या युरियात २८७ टक्के प्रथिने निघतात! हा आकड्यांचा विनोद आहे, पण त्यात तथ्यही आहे, कारण कोठीपोटातले जीव युरियापासून खरेच प्रथिने बनवू शकतात. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यातून शिंपडून तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवले, तर चारा सुधारतो. पण ठिबकसाठी बादलीत विरघळवून ठेवलेले युरियाचे पाणी तहानलेल्या मेंढ्यांनी प्यायल्यावर काय होते, तेही मी पाहिले आहे. पोट फुगते, अंग थरथरते आणि अर्ध्या तासात जनावर आडवे होते. थंड पाणी आणि व्हिनेगर पाजणे हा उपाय पुस्तकात आहे. डॉक्टर वेळेवर पोचणे पुस्तकात नाही.

मेंढीला एकाऐवजी दोन कोकरे झाली तर मेंढपाळाचे उत्पन्न वाढेल, हा विचार साधा आहे. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी त्यावर मोठे काम उभे केले. सुंदरबनातली गरोळे मेंढी अगदी छोटी, पण तिला जुळी-तिळी होतात. तिच्यातला तो जनुक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने तपासून त्यांच्या संस्थेने दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून हाच जनुक तिकडच्या मेरिनोत पोचला असावा, असेही मानले जाते. काम अस्सल आहे, याबद्दल मला शंका नाही. पण जुळी देणारी मेंढी म्हणजे दोन तोंडांना पुरेल इतके दूध हवे, आणि दूध म्हणजे पुन्हा प्रथिने. सुधारित एडका वाटायला समारंभ होतो, फोटो निघतो. मूठभर पेंड वाटण्याचा फोटो कोण काढणार?

पूर्वी ही मूठ विकत घ्यावी लागत नसे. दिवाळीनंतर मेंढरे कोकणात उतरत, रात्री शेतकऱ्यांच्या रानात बसत, लेंड्यांच्या खताच्या मोबदल्यात धान्य मिळे आणि चरायला पाला-पाचोळा असे. आजही वाडे उतरतात. पण वाटेतली गायराने कमी झाली, बांधावरची बाभूळ तुटली, तणनाशकाने बांधही स्वच्छ झाले. लोकरीला भाव नाही, म्हणून सारा भार मांसावर आला.

वाड्यावर पेंडीचा हिशेब बाई ठेवते. त्याच आटपाडीच्या वाड्यावर म्हाताऱ्याची सून जुळी व्यालेल्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावायची आणि संध्याकाळी वाघरीतून तेवढ्याच बाजूला काढून प्रत्येकीला दीडशे ग्रॅमच्या अंदाजाने दोन मुठी द्यायची. एका वैशाखात मी गेलो तेव्हा ठिपक्याच्या मेंढ्या अकरा होत्या आणि पेंड सातांपुरती. "मग कसं करणार, ताई?" मी विचारले. तिने आधीच केले होते. कास भरलेल्या सात जणी तिने निवडल्या होत्या. उरलेल्या चौघींचे एकेक कोकरू तिने वाड्यातल्या दोन शेळ्यांना लावले होते. आठवड्याने लसीकरणाला पुन्हा गेलो, तेव्हा त्या चारांतली तीन उड्या मारत होती.