क्युबेकची ऊब आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली बहुतेक घरं विजेवर उबदार राहतात. खिडकीखाली, भिंतीच्या पायथ्याशी लांबट हीटर आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र थर्मोस्टॅट. हे हीटर थेट २४० व्होल्टवर चालतात. बाजारातले बरेचसे स्मार्ट थर्मोस्टॅट मात्र २४ व्होल्टच्या यंत्रणेसाठी असतात. ते इथे जोडले तर जळतील, आगही लागू शकते! थेट २४० व्होल्टवर चालणारं, म्हणजे ‘लाइन व्होल्टेज’चंच मॉडेल घ्यायला हवं.

जुन्या थर्मोस्टॅटमधली दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि प्रवाह तोडते. त्यामुळे खोलीचं तापमान सतत वरखाली होतं. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या मदतीने काही सेकंदांपुरताच प्रवाह सोडतो, थांबवतो, पुन्हा सोडतो. ऊब जवळपास स्थिर राहते.

हीटरची कार्यक्षमता मात्र याने वाढत नाही. एक युनिट वीज, एक युनिट उष्णता. बचत होते ती रात्री किंवा रिकाम्या खोलीत तापमान उतरवल्यानेच.

असं तापमान उतरवण्याचं मोल प्रांतालाही आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या कडाक्यात क्युबेकची विजेची मागणी ४२ हजार मेगावॅटच्या वर गेली होती. अशा वेळी प्रांताची वीज कंपनी हायड्रो-क्युबेकची ‘हिलो’ सेवा ग्राहकाच्या संमतीने घर आधी थोडं तापवून ठेवते, मग ऐन गर्दीच्या तासांत थर्मोस्टॅट उतरवते आणि वाचलेल्या विजेचा मोबदला देते.