न शोधता सापडलेली गाठ

मूतखड्याच्या शंकेनं पोटाचा सीटी स्कॅन करावा आणि अहवालात भलतीच गाठ निघावी, असं आता घरोघरी होऊ लागलं आहे. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या इवल्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल म्हणजे अधिवृक्क. गाठ तिथली. तसा हा शब्द लग्नातही येतो, पण पोटात गाठ म्हटलं की मनात कर्करोगच येतो.

माझ्या थोरल्या आपाची अशी अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. निम्मं घर म्हणे काढून टाका, निम्मं म्हणे हात लावू नका. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारात घेतल्या. गाठ कशाची आहे? आणि ती गुपचूप काही उद्योग करते का?

पहिलं उत्तर बहुतेकदा स्कॅनमध्येच असतं. सीटीचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल मिळालं. त्यांच्या नावाच्या मापात पाण्याचा आकडा शून्य. गाठ एकसारखी दिसते आणि आकडा १० किंवा कमी, तर ती चरबीनं भरलेली, निरुपद्रवी जातीची. मग पुन्हा स्कॅनही नको, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ साली सांगितलं. आकडा २० च्या वर आणि आकार ४ सेंटिमीटर किंवा जास्त असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. गाठी दोन्हीकडे असतील तर आपल्या देशात क्षयरोगही आठवावा.

आपाचा आकडा ४. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! पण दुसरा प्रश्न राहिला होता, आणि तो बरेचजण विसरतात. रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी घ्यायची, सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं. निरोगी ग्रंथी या गोळीनं गप्प बसते, कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहत नाही. बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही तपासतात. स्कॅनमधला आकडा १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिन तपासायलाच हवं. काही गाठी ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडतात. अशा गाठीत सुई घातली तर रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो. म्हणून 'तुकडा काढून बघू' असं कुणी म्हणालं तर आधी ही तपासणी झाली का, ते विचारावं.

आपाचं कॉर्टिसोल २.६ आलं. थोडंसंच जास्त. पण बीपीच्या दोन गोळ्या चालू, साखर काठावर. इथं आकडे निर्णय देत नाहीत. वय, हाडं, माणसाची इच्छा, सगळं बघावं लागतं. मणक्याचा एक्स-रे चांगला निघाला. आपा एकाहत्तर वर्षांची. तिनं शस्त्रक्रिया नको म्हटलं. डॉक्टरांनी मानलं, बीपी आणि साखर दरवर्षी तपासायची अट घालून.