पारसीबागानातला ईडिपस

भारतातल्या मनोविश्लेषणाची सुरुवात एका टपालाच्या पुडक्याने झाली. डिसेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी ‘दमन’ या संकल्पनेवरचे आपले इंग्रजी पुस्तक व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइडकडे पाठवले. दमन म्हणजे नकोशी इच्छा मनाने स्वतःपासूनच लपवून ठेवणे. उत्तर मे १९२१ मध्ये आले. इतक्या दूरच्या देशात आपल्या विषयात कोणी एवढे लक्ष घालावे याचे फ्रॉइडला नवल वाटले होते आणि ते त्याने लपवले नाही. पुढे १९३७ पर्यंत पत्रे येत-जात राहिली. भेट मात्र एकदाही झाली नाही.

बोस यांचा जन्म १८८७ चा. वडील दरभंगा महाराजांचे दिवाण. १९१० मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या या माणसाला जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा विद्यार्थिदशेपासून नाद होता. थोरले बंधू राजशेखर म्हणजे बंगालीतले नामवंत विनोदी लेखक ‘परशुराम’ आणि ‘चलंतिका’ या शब्दकोशाचे कर्ते. चिं. वि. जोशींनी चिमणराव लिहिता लिहिता एक शब्दकोशही सिद्ध करावा, तशातला प्रकार. घर १४, पारसीबागान लेन. तिथे ‘उत्केंद्र समिती’ नावाचा चक्रमांचा अड्डा भरे. चहा, बुद्धिबळ, गप्पा आणि त्यातच स्वप्नांची चिरफाड. याच घरात २२ जानेवारी १९२२ रोजी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. मूळ सभासद पंधरा, त्यांतले बहुतेक मानसशास्त्र-तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर.

फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे. मनाचा मोठा भाग अबोध असतो. तिथे दडपलेल्या इच्छा स्वप्ने, बोलण्यातल्या चुका आणि मानसिक विकार यांच्या वाटेने वेषांतर करून बाहेर पडतात. ऑक्टोबर १८९७ मधल्या एका पत्रात त्याने नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपस राजावरचे सोफोक्लिसचे नाटक आणि ‘हॅम्लेट’ यांना एकाच सूत्रात ओवले. मुलाला आई हवी असते, बाप आड येतो, बापाकडून लिंगच्छेद होईल या भीतीने मूल माघार घेते आणि त्या भीतीतूनच सदसद्विवेक घडतो. हाच ईडिपस गंड. (पु. ल. देशपांड्यांनी १९७९ मध्ये हे नाटक मराठीत आणताना ग्रीक उच्चाराला धरून ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले. मानसशास्त्राच्या मराठीत मात्र इंग्रजी वळणाचा ईडिपसच रुळला.) पुढे १९१० मध्ये फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने हॅम्लेटवर सविस्तर लिहिले आणि साहित्याच्या मनोविश्लेषणात्मक समीक्षेचा रस्ता पडला. हा इतिहास शेकडो पुस्तकांत आहे. पारसीबागानात त्याचे काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही.

संस्थेच्या पहिल्या सभासदांत दोन इंग्रज होते. ओवेन बर्कली-हिल हा रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचा प्रमुख आणि क्लॉड डेली हा लष्करी अधिकारी. बर्कली-हिलने १९२१ मध्ये हिंदूंचा धर्म आणि स्वभाव मलविसर्जनाच्या बालपणीच्या सवयींवरून उलगडून दाखवणारा निबंध लिहिला. डेलीने कालीमातेत लिंगच्छेदाचे भय पाहिले. दोघांनाही आपण विज्ञान लिहितो आहोत असेच वाटत होते. आज ते लेखन वाचले की राज्यकर्त्याला रयत बालबुद्धीची असणे किती सोयीचे असते, हेच पानोपानी दिसते. गोऱ्या साहेबाच्या अबोध मनात काय चालले असावे, या प्रश्नाला दोघांनीही त्या लेखनात हात घातलेला नाही.

बोसांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी सिद्धान्तच वेगळा मांडला. त्यांच्या मते मनात कोणतीही इच्छा एकटी येत नाही, तिची विरुद्ध जुळी बहीण बरोबर असते. कोणाला थप्पड मारावी असे वाटते तेव्हा थप्पड खाण्याची इच्छाही तळाशी असते. एक वर येते तेव्हा दुसरी दडपली जाते आणि या ओढाताणीतून दुखणे उद्भवते. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखे रुग्णाला कल्पनेत एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला बसवायचे, म्हणजे दडपलेली बाजूही त्याला आपली वाटू लागते, ही त्यांची उपचारपद्धती. फ्रॉइडच्या कोचाऐवजी त्यांच्याकडे आरामखुर्ची होती. फ्रॉइड रुग्णाला बोलू देई. बोस त्याला बरेच काही सांगत, शिकवत, कल्पना करायला लावत. यात वैद्य कमी आणि गुरू जास्त दिसतो, असा आक्षेप आहे. तो खरा आहे, पण ज्या समाजात माणूस मनातले बोलायला गुरूकडेच जातो, तिथे डॉक्टर दुसरे काय करणार?

खरी ठिणगी १९२९ मध्ये पडली. ईडिपस इच्छेची उत्पत्ती आणि तिचे समायोजन यांवरच्या निबंधासह आपले तेरा लेख बोसांनी फ्रॉइडला पाठवले आणि सोबत एक निरीक्षण मांडले. लिंगच्छेदाच्या भीतीची लक्षणे त्यांच्या युरोपीय रुग्णांत जितकी ठळक दिसत, तितकी भारतीय रुग्णांत दिसत नव्हती. उलट आपण स्त्री असावे ही इच्छा भारतीय पुरुषांत फार लवकर हाती लागत होती. शिवाय मुलाच्या मनातली ती आई निव्वळ आई नव्हती. तिच्यात आई आणि बाप दोघे मिसळलेले होते. मुलगा बापाच्या धाकाने माघार घेतो, हेही त्यांना मान्य नव्हते. बापाच्या सत्तेवर मनात मात केल्याशिवाय गाठ सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे साधे दुरुस्तीपत्र नव्हते. फ्रॉइडच्या मते सगळी संस्कृती त्या भीतीवर उभी होती आणि कलकत्त्याचा डॉक्टर म्हणत होता की आमच्याकडे तो खांब तितकासा भक्कम नाही. फ्रॉइडने सभ्यपणे लिहिले की हा फरक लक्षवेधी आहे आणि तो आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याने त्यावर काही केले नाही. बड्या माणसाने अर्ज ठेवून घेतला आणि तो फायलीत गेला, इतकेच.

असेच जपानच्या हेइसाकु कोसावा या मनोविश्लेषकाचेही झाले. तो १९३२ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि ‘अजासे गंड’ ही कल्पना त्याने फ्रॉइडपुढे ठेवली. अजासे म्हणजे आपला मगधाचा अजातशत्रू. बौद्ध कथेतून जपानपर्यंत गेलेला हा राजपुत्र कोसावाच्या मांडणीत आईवरच्या रागाचा आणि तिच्या क्षमेचा नायक झाला होता. फ्रॉइडने तिथेही फारसे लक्ष दिले नाही. आशियातून दोनदा ‘बापाकडे पाहता आहात, आईकडेही पाहा’ असा निरोप गेला आणि दोन्ही वेळा तो दारातूनच परतला.

निरोपाकडे लक्ष गेले नाही, भेटवस्तूकडे मात्र गेले. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने त्याला हस्तिदंती विष्णू पाठवला, सोबत संस्कृत श्लोक. मूर्ती त्रावणकोरची. शेषाच्या वेटोळ्यावर विष्णू बसलेला आणि डोक्यावर फण्यांचे छत्र. मूर्ती आपल्या मेजावर ठेवली असून तिच्याकडे पाहून मनोविश्लेषणाच्या परदेशातल्या विजयांची आठवण होते, असे फ्रॉइडने कळवले. ‘विजय’ या शब्दाशी क्षणभर थांबायला हवे. पाठवणाऱ्यांनी आपला देव पाठवला होता, घेणाऱ्याने त्याची नोंद जिंकलेल्या मुलखाच्या खात्यात केली. याच्या आधी बोसांनी जतींद्रकुमार सेन या चित्रकाराने फ्रॉइडला न पाहता काढलेले त्याचे चित्र पाठवले होते. त्यात आपण अगदी इंग्रज दिसतो, अशी गंमत फ्रॉइडने एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात केली. कल्पनेतले चित्र दोन्ही बाजूंनी चालू होते.

मूर्तीला पुढे चिरा पडू लागल्या. कलकत्त्याहून आलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा सोसत नसेल का, असा प्रश्न फ्रॉइडने टिपून ठेवला. १९३३ मध्ये त्याच्याकडे विश्लेषणासाठी आलेल्या अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल हिने आठवणींत लिहिले आहे की मेजावरच्या मूर्तींच्या अर्धवर्तुळात हा विष्णू बरोबर मधोमध असे. त्याच्या सौंदर्याची तिला ओढ वाटे आणि त्याच वेळी ते नकोसेही वाटे. बोसांच्या जुळ्या विरुद्ध इच्छांचे इतके नेमके उदाहरण त्यांच्या स्वतःच्या लेखांतही सापडणे कठीण, आणि ते घडले बोसांच्याच भेटवस्तूसमोर. नाझींमुळे १९३८ मध्ये फ्रॉइड लंडनला गेला, मूर्तीही गेली. २०, मेअर्सफील्ड गार्डन्स या त्याच्या घराचे १९८६ मध्ये संग्रहालय झाले. दोन हजारांवर प्राचीन वस्तूंच्या त्या गर्दीत पाहुण्यांची नजर गालिचा अंथरलेल्या कोचाकडेच आधी जाते.

साहित्याच्या क्षेत्रात या विचाराचे आगमन बरेच धसमुसळे झाले. बोसांच्या संस्थेतल्या रंगीन हालदार यांनी रवींद्रनाथांच्या कवितेत ईडिपस गंड शोधला, तेव्हा रवींद्रनाथांना ते रुचले नाही, आणि रुचावे असे त्यात काही नव्हतेही. मराठीत अबोध मन समीक्षेच्या आधी कादंबरीतून आले. बा. सी. मर्ढेकरांची संज्ञाप्रवाही कादंबरी ‘रात्रीचा दिवस’ १९४२ ची. नंतर नवकथेने ते वळण आणखी पुढे नेले. त्याच सुमारास इटलीतल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे देश सोडलेला मनोविश्लेषक एमिलियो सर्वादियो मुंबईत राहत होता. मुंबईत या विषयाचे काम सुरू होण्यात त्याचा हात होता.

बोसांच्या निरीक्षणाला बळ मिळाले ते दवाखान्यातून नव्हे, ओसरीवरून. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी उत्तर कर्नाटकात एक कथा ऐकली. एका मुलीच्या कपाळी लिहिलेले असते की ती स्वतःच्या मुलाशी लग्न करील. ते टाळायला ती रानात जाते आणि पुरुषाचे तोंडही न पाहता फळांवर जगते. एक दिवस ती एक आंबा खाते. त्या झाडाखाली वाटेने जाणाऱ्या एका राजाने लघवी केलेली असते. आंब्यातून तिला दिवस जातात. झालेला मुलगा ती आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ओढ्यात सोडते. शेजारच्या राज्याचा राजा त्याला वाढवतो. तरणा झालेला मुलगा शिकारीला त्याच रानात येतो, दोघांचे मन जडते, लग्न होते. आपला मुलगा तर कधीच गेला, आता भय कसले, असे तिला वाटते. बाळ होते. बापाचे बाळपणीचे दुपटे नव्या बाळासाठी काढायची रीत असते. ते उलगडले जाते आणि समोर येतो तिच्याच लुगड्याचा तुकडा. रात्री सगळे निजल्यावर ती बाळाला जोजवते. अंगाईत त्याला मुलगा म्हणते, नातू म्हणते, दीर म्हणते, आणि मग त्याच लुगड्याने गळफास घेते.

ही कथा ग्रीक कथेशेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. बापाचा खून इथे नाहीच. शाप मुलाला नाही, आईला आहे. सत्य शोधणारी तीच, पुरावा तिच्याच वस्त्राचा. ईडिपसला कळते ते साक्षीदारांच्या उलटतपासणीतून, हिला कळते ते दुपट्यावरून. ओयदिपौसचे नाटक राजवाड्याच्या दारात घडते, हे बाळंतिणीच्या खोलीत. सांगणारी बाई असली की गोष्टीतले कोण बोलते आणि कोण गप्प राहते हेच पालटते, हे रामानुजन यांनी नेमके हेरले. बाप-लेकांच्या कथांतही दिशा उलटी असल्याचे त्यांनी दाखवले. ययाती पुरूचे तारुण्य घेतो, शंतनूच्या लग्नासाठी देवव्रत भीष्म होतो, शिव गणपतीचे डोके उडवतो. भारतीय मुलगा बापाला मारत नाही, तो बापाला स्वतःचे आयुष्य देऊन टाकतो. बभ्रुवाहनाने अर्जुनाला मारले हे खरे, पण अर्जुन पुन्हा जिवंत झालाच. खांडेकरांच्या ‘ययाति’ला मराठी वाचकांनी वासनेची कथा म्हणून डोक्यावर घेतले. तिच्यात एका बापाने मुलाचे आयुष्य मागून घेतले आहे, या गोष्टीची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

रामानुजन यांच्या आधी या वाटेवर इरावती कर्वे होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९५० मध्ये लंडनच्या ‘मॅन’ या नियतकालिकात ईडिपस कथेचे मराठी रूप प्रसिद्ध केले. पुढे ‘युगान्त’मध्ये भीष्माच्या त्यागाला ‘यातून मिळवले काय’ असे विचारणाऱ्याही त्याच. त्यांच्या कथेतली बाई गळफास घेत नाही. नशीब टळत नाही हे ओळखून ती ते स्वीकारते आणि नवऱ्याबरोबर, म्हणजे मुलाबरोबर, नांदते. सासू-सासऱ्यांचे आशीर्वादही तिला मिळतात. कानडी बाई मरते, मराठी बाई संसार करते. हा फरक कशामुळे, यावर एखादा जाडजूड प्रबंध व्हायला हरकत नव्हती. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये भारतीय मुलाच्या मनावरचा आईचा पगडा सविस्तर मांडला आणि पुढे बोसांची जुनी पत्रे पुन्हा लोकांपुढे आणली. कक्कर अखेरची वर्षे गोव्यात राहिले आणि २०२४ मध्ये तिथेच वारले. पण त्यांचाही भर मुलाच्या मनावर होता. आईच्या मनात काय चालते, ते अजून लोककथाच सांगते आहे.

बोस १९५३ मध्ये गेले. राजशेखरांनी दिलेल्या जागेत त्यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या लुंबिनी पार्क मनोरुग्णालयाची सुरुवात तीन खाटांची होती. इरावतीबाईंनी छापलेली मराठी कथा इंग्रजीत आहे. सटवाई कपाळी काय लिहून जाते ते सांगणाऱ्या आज्या अजून काही घरांत आहेत. ज्यांच्याकडे ही कथा मराठीत येत असेल, त्यांनी ती आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावी आणि शेवट ती कसा करते, हे विचारायला विसरू नये.