एक स्टार, लाखभर फाइल्स!

सबमिशन तोंडावर आलंय, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट कसाबसा उभा राहिलाय आणि लॅबच्या लिनक्स मशीनवरची जागा संपलीये. एका तासाच्या व्हिडिओतून सेकंदाला 30 या हिशोबाने फोटो काढले, की एका फोल्डरमध्ये 1,08,000 फाइल्स होतात. त्या आता उडवायच्यात. तुम्ही टर्मिनल उघडता, ‘आरएम’ लिहून पुढे फोल्डरचं नाव आणि स्टार टाकता. एंटर! उत्तर येतं, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’.

घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. बिचाऱ्या आरएमपर्यंत तुमचं काम पोहोचलेलंच नसतं. स्टारचा अर्थ लावतो तो शेल. फोल्डरमधलं एकेक नाव वाचून तो लांबलचक यादी तयार करतो आणि ती आरएमच्या हाती द्यायला जातो. पण या यादीला कर्नलने मर्यादा घातलेली असते. आजच्या बहुतेक लिनक्स मशीन्सवर ती साधारण 2 एमबी, म्हणजे सुमारे 21 लाख बाइट. फोल्डरसकट एक नाव 24 बाइटचं धरा, 1,08,000 नावांचे झाले जवळपास 26 लाख. म्हणजे इथे फाइल्स किती मोठ्या आहेत याला काही अर्थ नाही. भार होतो तो नावांचा.

अख्खं फोल्डरच नको असेल तर प्रश्न सोपा आहे. स्टार न टाकता ‘आरएम डॅश आर’ आणि फक्त फोल्डरचं नाव द्या. यादीत एकच नाव जातं, आतलं सगळं आरएम स्वतः शोधून काढतो. काही फाइल्स ठेवायच्या असतील तर ‘फाइंड’ वापरा. तो आधी यादी करत बसत नाही, सापडेल ती फाइल उडवत पुढे जातो. त्यासाठी आधी ‘डॅश नेम’ची अट लिहायची आणि अगदी शेवटी ‘डॅश डिलीट’. हा क्रम चुकवू नका! फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो. डिलीट आधी आणि अट नंतर आली, तर अट वाचायच्या आधीच सगळं साफ. म्हणून पहिल्यांदा डिलीटच्या जागी ‘डॅश प्रिंट’ लिहून बघा. काय जाणार ते डोळ्यांसमोर येतं.

अशा फोल्डरमध्ये साधं ‘एलएस’ मारलं तरी स्क्रीन थिजल्यासारखी वाटते, कारण तो सगळी नावं आधी अनुक्रमाने लावतो. ‘डॅश एफ’ (छोटा एफ) दिलं तर लावालावी न करता लगेच दाखवायला लागतो. आणखी एक गंमत म्हणजे, कधी डिस्कवर जागा दिसत असूनही ‘जागा नाही’ असं उत्तर मिळतं. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि काही फाइल सिस्टिम्समध्ये त्यांची संख्या आधीच ठरलेली असते. बारीकसारीक लाखो फाइल्स ते संपवून टाकतात. ‘डीएफ डॅश आय’ मारून तपासा.

हे सगळं जपून का करायचं? कारण आरएमला रिसायकल बिन नाही. 1998 मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी 2’वर काम चालू असताना अशाच एका कमांडने सिनेमाचा बहुतांश भाग उडाला आणि बॅकअपही कामाचा निघाला नाही. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करत असल्यामुळे त्यांच्या घरच्या मशीनवर एक कॉपी होती. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले जेमतेम 4.5 जीबी उरले होते आणि जवळपास सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

ही सगळी आपापल्या कामात मुरलेली माणसं होती. तुमच्या फोल्डरमध्ये तर चौघांच्या ग्रुपचे मार्क्स आहेत. तेव्हा एंटरआधी दोन गोष्टी करा. ‘होस्टनेम’ टाकून मशीन कुठलं ते बघा, ‘पीडब्ल्यूडी’ टाकून फोल्डर कुठलं ते बघा. आणि प्रोजेक्टची एक कॉपी दुसऱ्या मशीनवर आहे ना, ती उघडतेय ना, हे आज संध्याकाळीच तपासून टाका.