दोन वाटांमधला मुक्काम

शाळा संपली आहे आणि विद्यापीठाचे दार अद्याप उघडलेले नाही, अशा मधल्या वर्षात तरुणाला जी अस्वस्थता ग्रासते, तिला वडीलधारी मंडळी सहसा आळसाच्या खाती जमा करतात. वस्तुतः तिचे मूळ निराळे आहे. २०१६ साली लंडनमधील संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळावयास दिला. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखावयाचे. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका बसणारच हे ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून तो निम्मी शक्यता असताना अधिक आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचे विस्फारणे यांवरून हे मोजले गेले. वाराणसीत भाड्याच्या खोलीत राहून प्रवेशपरीक्षेची पुन्हा तयारी करणाऱ्या मुलाला हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज नाही.

याच शहरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वीस वर्षांचा एक मराठी तरुण असाच अधांतरी राहिला होता. २५ मार्च १९१६ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढे विनोबा, इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून दोन मित्रांसह काशीस गेले. प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच आईच्या चुलीत जाळली होती. (हे कोणी अनुकरणासाठी घेऊ नये.) मनाला एकीकडे हिमालयातील शांती ओढत होती, दुसरीकडे बंगालमधील क्रांती. काशी दोहोंच्या वाटेवर होती. निर्णय मात्र झालेला नव्हता.

अशा वेळी त्यांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. दुपारचे जेवण अन्नछत्रात. तेथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेतून रात्रीसाठी दही आणि रताळी. एका खाजगी शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकविणे, उरलेला वेळ ग्रंथालयात. संस्कृत शिकावयास किती काळ लागेल असे त्यांनी एका पंडितास विचारले. उत्तर आले, बारा वर्षे. आपल्यापाशी दोनच महिने आहेत, असे विनोबांनी सांगितले. पुढचे काहीही ठरलेले नसताना त्यांनी हाती असलेल्या काळाला मात्र सीमा घातली होती.

हा काळ सुखाचा होता असे मात्र मानू नये. एक मित्र लवकरच घरी परतला. दुसरा आजारी पडून काशीतच वारला आणि त्याला गंगेकाठी अग्नी देण्याचे काम विनोबांवर आले.

काशी हिंदू विद्यापीठाच्या स्थापनासमारंभात, फेब्रुवारी १९१६ मध्ये, गांधींनी केलेल्या भाषणाची चर्चा शहरात अजून चालू होती. त्याचा वृत्तान्त वाचून विनोबांनी शंका विचारणारे पत्र लिहिले. उत्तरे आली, नव्या शंका गेल्या. अखेर गांधींनी प्रत्यक्ष येण्यास सुचविले. ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले.

पुढल्याच वर्षी त्यांनी आश्रमातून वर्षभराची रजा मागितली. या वेळी मात्र परतण्याचे ठिकाण ठरलेले होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत त्यांनी उपनिषदे अभ्यासली, पायी महाराष्ट्र हिंडले, दळण दळून मुलांच्या वाचनालयासाठी पैसा उभा केला. आणि केलेल्या कामाचा हिशेब एका लांब पत्राने गांधींना कळवून, वर्ष भरताच परत आले.