जुन्या वाहनाला वेगस्थिरक

लांब पल्ल्याच्या सरळ रस्त्यावर मोटार चालविणाऱ्याच्या उजव्या पायाला तासन्‌तास एकच काम करावे लागते. चढ लागला की ॲक्सिलरेटर किंचित दाबावयाचा, उतार लागला की किंचित सोडावयाचा, आणि वेग होता तेवढाच राखावयाचा. हे काम कष्टाचे नसले तरी कंटाळवाणे असते. पायाचे हे काम यंत्राकडे सोपविणाऱ्या योजनेला क्रूझ कंट्रोल म्हणतात. या लेखात आपण तिला वेगस्थिरक म्हणू. ही योजना नसलेल्या जुन्या व्हॅनला किंवा ट्रकला ती मागाहून बसविता येते. मात्र तसे करताना एक गोष्ट प्रथमपासून ध्यानात ठेवावयास हवी. वेग धरून ठेवणे यंत्राला फारसे अवघड नाही. धरलेला वेग हव्या त्या क्षणी, न चुकता सोडणे हीच त्याची खरी कसोटी होय.

वेग स्थिर राखण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई. मोटारीसाठी अशी योजना सिद्ध केली ती अमेरिकेतील इंडियाना राज्याचे अभियंते राल्फ टीटर यांनी. वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांचे वकील गाडी चालविताना बोलू लागले की वेग कमी होई आणि ऐकू लागले की वाढे. त्या हिसक्यांनी त्रासून टीटर यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ही योजना प्रथम आली. पुढे १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची मर्यादा घातली, तेव्हा एकाच वेगाने जाण्याचे महत्त्व वाढले. फोर्ड एकोनोलाइन व्हॅन किंवा शेवरोले सी-१० ट्रक अशी त्या काळातील अनेक वाहने वेगस्थिरकाशिवाय विकली गेली होती. अशा वाहनांसाठी सुटे संच मिळू लागले.

संचाचे घटक

अशा संचात मुख्यतः चार भाग असतात: वेग मोजणारा संवेदक, तुलना करणारी विद्युत्‌पेटी, थ्रॉटल ओढणारा सर्व्हो आणि चालकाच्या हाताशी असणारी कळ.

जुन्या वाहनात वेग मोजण्याची सोपी रीत अशी. इंजिनाची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर परस्परांच्या समोरासमोर दोन चुंबके पट्टीने घट्ट आवळतात आणि जवळच, पण शाफ्टला स्पर्श होणार नाही असे, तारेचे एक वेटोळे बसवितात. चुंबक समोरून गेले की वेटोळ्यात विजेचा एक स्पंद उठतो. समजा, चाकाचा परीघ २.२ मीटर आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे साडेतीन फेरे होतात. ताशी ९० किलोमीटर वेगाला शाफ्ट सेकंदाला सुमारे ४० फेरे करील आणि पेटीकडे सुमारे ८० स्पंद जातील. चालकाने कळ दाबली की पेटी हा आकडा लक्षात ठेवते. पुढे स्पंद कमी पडले तर ती थ्रॉटल उघडविते, अधिक झाले तर मिटू देते.

थ्रॉटल प्रत्यक्ष ओढण्याचे काम सर्व्हो करतो. पेट्रोल इंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीत, थ्रॉटल अर्धवट मिटलेली असताना, हवेचा दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. सर्व्होच्या डब्यात रबरी पडदा असतो. एका बाजूची हवा इंजिनाने ओढून घेतली की बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते आणि त्याला जोडलेली केबल थ्रॉटल ओढते. पडद्याचा व्यास ८ सेंटिमीटर आणि दाबातील फरक अर्ध्या वातावरणाएवढा धरला, तर हे बळ सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतके भरते. चढावर मात्र थ्रॉटल बरीच उघडावी लागते आणि नेमके तेव्हाच नळीतील निर्वात क्षीण होते. म्हणून एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप लावून निर्वाताची एक साठवण टाकी जोडतात. सामान्य डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर अशी थ्रॉटल नसल्याने हे निर्वात आयते मिळत नाही. तेथे निर्वातपंप किंवा विजेच्या मोटरवर चालणारा सर्व्हो वापरावा लागतो.

केबल बसविताना किंचित ढील ठेवतात. ती फार ताणली तर इंजिन संथ गतीवर येत नाही. फार सैल राहिली तर कळ दाबल्यावर वेग आधी घसरतो आणि मग सावरतो. पेटीची संवेदनक्षमताही बेताची हवी. ती अधिक झाली तर यंत्र प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करते आणि वेग सारखा वरखाली होत राहतो. गव्हर्नरांचा हाच दोष जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली गणिताने तपासला होता.

सोडण्याची व्यवस्था

चांगल्या निर्वात-सर्व्होत हवा आत घेणारी एक झडप असते. वीज असेतोवरच ती मिटलेली राहते. फ्यूज गेला, तार तुटली किंवा कळ बंद केली, की ती उघडते, हवा आत शिरते आणि थ्रॉटल आपल्या स्प्रिंगने मिटते. बिघाड झाला तरी तो चालकाच्या बाजूने व्हावा, हे येथील तत्त्व आहे.

ब्रेकची जोडणी तितकीच महत्त्वाची. पुष्कळ संचांत पेटीची एक तार ब्रेकच्या स्विचपासून दिव्याकडे जाणाऱ्या तारेला जोडतात. ब्रेक दाबलेला नसताना या तारेला दिव्याच्या तंतूतून सांगाड्यापर्यंत वाट मिळते. ब्रेक दाबताच तिच्यावर वीज येते आणि पकड सुटते. सगळे ब्रेकदिवे जळून गेले असतील, तर ही वाटच नाहीशी होते आणि यंत्र वेग धरण्यास नकार देते. जुने दिवे काढून एलईडी दिवे लावलेल्या वाहनात कित्येकदा संच चालत नाही, त्याचे कारण हेच. अशा वेळी योग्य रिले बसवावा. ती तार दिव्यापासून तोडून कायमची सांगाड्याला जोडणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास ब्रेक दाबल्याची खूण त्या वाटेने पेटीला मिळणारच नाही. हाताने गिअर बदलण्याच्या वाहनात क्लचलाही असाच स्विच हवा. एरवी क्लच दाबताच भार सुटलेले इंजिन भलत्याच वेगाने फिरू लागेल.

वाहनाची तपासणी

संच नवा असला तरी वाहन जुने आहे, हे विसरून चालत नाही. थ्रॉटल मिटविणाऱ्या स्प्रिंगा प्रथम पाहाव्यात. अमेरिकेत १९७३ च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या सुरक्षा-मानकानुसार थ्रॉटल परत मिटविण्यासाठी ऊर्जेचे किमान दोन स्वतंत्र स्रोत असावे लागतात. त्याआधीच्या वाहनात कित्येकदा एकच स्प्रिंग आढळते. तेथे दुसरी घालणे शहाणपणाचे. त्यानंतर इंजिनाखालचे रबरी आधार पाहावेत. सर्व्हो सांगाड्याला बसविलेला असतो आणि थ्रॉटल इंजिनावर. आधार फाटला आणि इंजिन उचलले गेले, तर थ्रॉटल आपोआप ओढली जाऊ शकते. ही शंका काल्पनिक नाही. १९७१ साली याच कारणाने सुमारे ६७ लाख शेवरोले वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आली होती.

संच बसविल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडावा. तो कोठेही न अडखळता वर यावयास हवा. मग मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग धरवून ब्रेक, क्लच आणि कळ यांची स्वतंत्रपणे परीक्षा घ्यावी. तिन्हींपैकी एकानेही पकड सुटली नाही, तर तो संच वापरू नये.

यंत्राची समज किती तोकडी आहे, हेही जाणून असावे. ते शाफ्टचे फेरे मोजते; रस्ता पाहत नाही. पुढचे वाहन थांबले, वळण आले किंवा ओल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटू लागली, तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून पावसात, घाटात आणि गर्दीत ते बंदच ठेवावे. उरलेल्या सरळ, मोकळ्या वाटेवर ते पायाला विश्रांती देते. परंतु पाय ब्रेकपासून दूर नेण्याची मुभा देत नाही.