दाखल नोंदवहीचं काम

ग्रंथालयात पुस्तक किंवा संग्रहालयात मूर्ती आली, एवढ्यानं ती संग्रहाची होत नाही. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो, कधी आली, कोणाकडून आली, कुठं सापडली हे रकाने भरले जातात आणि तोच क्रमांक वस्तूवर घातला जातो, तेव्हा ती संग्रहाची होते. वही बांधीव, पानांवर आकडे छापलेले. चूक झाली तर खाडाखोड नाही. रेघ मारून शेजारी सही. वस्तू बाद झाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देत नाहीत. या शिस्तीला निव्वळ कारकुनी म्हणणाऱ्यांनी जबलपूरच्या एका मणक्याची हकीकत पाहावी.

ठगांच्या बंदोबस्तामुळं प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरजवळ हाडांचे जीवाश्म सापडले. डॉ. स्पिल्सबरी यांच्यामार्फत ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले आणि पुढं सरकारी संग्रहात. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. नंतर मूळ नमुना सापडेनासा झाला. २०१२ मध्ये संशोधक धनंजय मोहबे यांना तो कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात मिळाला. मणका सुखरूप होता, मग बिघडलं काय, असं कोणी विचारील. बिघडलं ते असं, की २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या संशोधकांनी या नावाची फेरतपासणी केली तेव्हा ज्याच्यावर हे नाव उभं, तो मणकाच हाताशी नव्हता. सापडल्यावर ताडून पाहायला लिडेकर यांचं छापील वर्णन होतं, म्हणून निभावलं. ज्या दगडाविषयी कोणी काही छापलेलंच नाही, त्याला आधार फक्त नोंदवहीचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसं कमी, आवक मोठी, आधी वस्तू वाचवा, नोंद सावकाश करा. पण सगळे रकाने सारखे नसतात. माप, वजन, दगडाची जात वीस वर्षांनीही लिहिता येते, कारण ती वस्तूतच असते. ‘कुठं सापडली’ हे मात्र फक्त आणणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्याची बदली झाली की गेलं. जबलपूरच्याच राणी दुर्गावती संग्रहालयातल्या कलचुरी शिल्पांपुढं हा प्रश्न अगदी नेमका उभा राहतो. मूर्ती तेवरची की भेडाघाटची? तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. भेडाघाट तिथून जवळच, राजवट तीच, शिल्पशैलीही तीच. जाणकार शैलीवरून शतक सांगेल, गाव नाही सांगू शकणार. म्हणून मूर्ती गाडीतून उतरली की धुण्यापुसण्याआधी ठिकाण, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव लिहावं, एक छायाचित्र काढावं. बाकीचे रकाने खुशाल रिकामे राहू द्यावेत.